नेच्याची जागा मोरीत

सोलापुरात हॉलमध्ये फर्न ठेवणाऱ्या समस्त मंडळींशी माझं भांडण आहे. त्यात माझे नातेवाईक आहेत, शेजारी आहेत, दोन-तीन जिवलग मैत्रिणी आहेत, आणि हे वाचणाऱ्यांपैकीही निदान चार-पाच जण असणार. तेव्हा आधीच सांगते, राग मानायचा तर खुशाल माना, पण पूर्ण वाचून मग माना.

फर्न म्हणजे आपला नेचा. शाळेत ‘टेरिडोफायटा’ नावाच्या जीभ अडखळवणाऱ्या शब्दाखाली भेटलेला. फूल नाही, बी नाही, पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. तेव्हा त्याची आकृती काढताना कंटाळा यायचा. आता तोच नेचा ‘बोस्टन फर्न’ होऊन नर्सरीत लटकत्या कुंडीत मिळतो आणि लोक दाराशी, टीव्हीशेजारी, सोफ्याच्या कोपऱ्यात त्याची स्थापना करतात.

यात भर पडली ती ‘पुष्पगुच्छाऐवजी रोप द्या’ या पद्धतीची. वास्तुशांत असो, सेवानिवृत्ती असो, साठी असो, रोप द्यायचं. हेतू चांगला आहे, वादच नाही. पण रोप कुठलं देतात? जे स्टेजवर, फोटोत भरगच्च दिसेल ते. मग फर्नचा नंबर पहिला लागतो. डिसेंबरच्या लगीनसराईत दिलेला फर्न संक्रांतीपर्यंत हौसेने हिरवा असतो. महाशिवरात्रीला टोकं तांबूस होतात. गुढीपाडव्याला त्याचा केरसुणीसारखा खराटा झालेला असतो आणि अक्षय्य तृतीयेला कुंडी गच्चीवर पालथी. पुष्पगुच्छ दोन दिवसांत सुकायचा, पण निदान त्याला कुणी ‘पर्यावरणपूरक’ म्हणत नव्हतं!

मग सगळे मिळून एक निष्कर्ष काढतात: सोलापुरात काही जगत नाही. हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. आमच्या वन्सं कोथरूडला राहतात. त्यांच्या गॅलरीत फर्नची रांग आहे, आणि दर भेटीत त्या मायेने म्हणतात, "अगं, तुमच्याकडची हवाच तशी, तू तरी काय करणार?" वन्सं, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. पुण्यात एप्रिलची दुपार कोरडीच असते. फरक रात्रीचा आहे. तुमच्याकडे रात्री पारा उतरतो, झाडाला श्वास घ्यायला फुरसत मिळते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४२-४३ आणि पहाटेसुद्धा २७-२८ असतं. वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारा वाजतासुद्धा तव्यासारखा तापलेला असतो. अशा घरात माणूस तरी कुठे नीट झोपतो, तर फर्न झोपेल?

पण ‘हवा वाईट’ एवढ्यावर थांबणं मला मान्य नाही. मुळात फर्नला काय हवंय आणि आपण त्याला काय देतोय, हे कुणी बघतच नाही. आपण त्याला देतो स्प्रे.

या स्प्रेवर माझा विशेष राग आहे. ‘दिवसातून दोन वेळा पानांवर पाणी फवारा’ हा सल्ला परदेशी पुस्तकांतून आला आणि नर्सरीवाल्यापासून मामीपर्यंत सगळ्यांनी तो पाठ केला. नर्सरीवाला तर म्हणतोच, "मरत नाही ओ ताई, नुसतं पाणी मारत राहा की." मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली. तापमान ३८ अंश, हवेतली आर्द्रता २० टक्के. (सोलापुरात एप्रिलच्या दुपारी ही काही नवलाची गोष्ट नाही.) ती ६० टक्क्यांवर न्यायची तर सुमारे ६३० मिलिलिटर पाणी वाफ होऊन त्या हवेत मिसळायला हवं. तेही दारं-खिडक्या पक्क्या बंद ठेवून. एक खिडकी उघडली, पंखा लावला, कुणी आत-बाहेर केलं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि स्प्रेच्या पाच-सहा दाबांत पाणी निघतं किती? फार तर चमचाभर. म्हणजे वैशाखात तापलेल्या रस्त्यावर तांब्याभर पाणी शिंपडून ‘हं, आता गार झालं’ म्हणायचं, तसलाच प्रकार. पान दहा मिनिटं ओलं दिसतं, बघणाऱ्याचं समाधान होतं, झाड होतं तिथेच.

हंसराजाची गोष्ट तर आणखी मजेची. काळ्या चकचकीत देठांचा, नाजूक पानांचा तो फर्न. त्याचं शास्त्रीय नाव अॅडिअँटम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न भिजणारा’. त्याच्या पानावरून पाणी अळवासारखं ओघळून जातं. ज्याचं नावच न भिजणारा, त्याला लोक सकाळ-संध्याकाळ भिजवत बसतात!

दुसरं ठेवणीतलं उत्तर म्हणजे ‘पण फर्न हवा शुद्ध करतो ना, नासाने सांगितलंय.’ नासाचा तो अभ्यास १९८९ चा, बिल वुल्व्हर्टन यांचा. झाडं ठेवली होती छोट्या हवाबंद पेट्यांत. आपलं घर हवाबंद पेटी नाही, फटीफटीतून धूळ आत येणारं घर आहे. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या दोघांनी जुने बरेच अभ्यास एकत्र तपासले. घरात नेहमीसारखी हवा खेळते तेवढ्याने जे होतं, ते झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. म्हणजे हॉलमध्ये फर्नचं शेतच करायचं आणि आपण गच्चीवर झोपायचं. खिडकी उघडणं स्वस्त पडतं. झाड आवडतं म्हणून ठेवा ना, नासाला कशाला मध्ये आणता?

घरातल्या फर्नचा इतिहास बघितला तर गंमत कळते. १८२९ साली लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचा एक डॉक्टर होता. त्याला फर्नचं वेड होतं, पण कोळशाच्या धुराने त्याचे सगळे फर्न मरायचे. एकदा त्याने पतंगाचा कोष ओल्या मातीसह एका बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण त्या मातीत आपोआप एक फर्न उगवला आणि बंद बाटलीत मजेत वाढला. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून पाठवलेली झाडं थेट सिडनीपर्यंत जिवंत पोचली, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. तुमच्या-माझ्या सकाळच्या कपाचं एका फर्नशी असं नातं आहे. इंग्रजांना फर्नचं इतकं खूळ लागलं की १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जलीने त्या खुळाला ‘टेरिडोमेनिया’ असं नावच देऊन टाकलं. आणि आपला तो बोस्टन फर्न १८९४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या झाडांत वेगळा दिसला म्हणून निवडला गेला. त्याचं मूळ कूळ उष्ण, दमट अमेरिकेतलं.

हे सगळं सांगायचं कारण, लंडनसारख्या ओलसर गावातही फर्न दिवाणखान्यात नुसता कधीच राहिला नाही. त्याची हवा त्याच्यासोबत, काचेत बंद करून ठेवावी लागली. आपण काच काढून टाकली, ओल काढून टाकली, आणि दिवाणखाना तेवढा ठेवला. (आता कुणी लगेच काचेची पेटी करायला धावू नका. आपल्या मे महिन्यात त्यात फर्नची भाजी शिजेल.)

वाईट याचं वाटतं की कोरड्या हवेत ओल कशी राखायची हे सोलापूरला कुणी शिकवायची गरज नव्हती. हे गाव सुतावर उभं राहिलं. इथली पहिली गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून गिरण्यांत हवा ओलसर ठेवावी लागायची. त्याआधीपासून पद्मशाली विणकरांचे खड्डामाग होते. जमिनीत खड्डा, विणकर काठावर बसणार आणि पाय खड्ड्यात सोडून माग चालवणार. खड्ड्यातल्या ओलीमुळे ताण्याचं सूत नरम राहतं. ओल खाली असते, जमिनीलगत असते, ती वर टांगलेल्या टोपलीत नसते, हे त्या विणकराला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. आणि आपण त्याच गावात, पंख्याच्या पात्यांखाली, छताच्या हुकाला फर्न टांगतो. छतापाशी घरातली सगळ्यात गरम आणि कोरडी हवा असते हो!

बरं, ‘इथे फर्न जगत नाही’ हेही धादांत खोटं आहे. इथले फर्न तुम्ही बघितलेच नाहीत. मोहोळ तालुक्यात माझ्या मावशीच्या शेतात जुनी दगडी विहीर आहे. वरून बघाल तर चहूकडे कुसळं आणि तापलेली ढेकळं. आणि विहिरीत वाकून बघाल तर पाण्याच्या वर हात-दोन हातांवर, दगडांच्या सांध्यांतून हंसराज झुलत असतो. मे महिन्यातही! त्याला कुणी फवारत नाही. तिथे सावली आहे, खालून पाण्याचा गारवा आहे, वारा नाही, सांध्यांत चुना आहे. त्याला पिढी वाढवायलासुद्धा पाण्याचा थर लागतो, कारण नेच्याची नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जाते. म्हणून तो विहिरीला धरून राहतो. गावोगावच्या अशा विहिरी आपण बुजवल्या, उरलेल्यांत निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या, आणि मग दोनशे रुपये देऊन बाहेरगावचा फर्न विकत आणला. विहिरीत वाढणाऱ्याची किंमत शून्य, कारण तो सेल्फीत येत नाही.

दुसरा एक फर्न गावातच आहे, आणि त्याचा माळी म्हणजे गळका पाइप. जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला, जिथे सांडपाण्याचा पाइप वर्षानुवर्षं ठिबकतो, तिथे चुन्याच्या भिंतीतून लांब, कंगव्यासारख्या पानांचा नेचा बाहेर येतो. टेरिस व्हिटाटा. २००१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांना कळलं की हा फर्न मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो. जगभर त्याच्यावर अभ्यास होतात. आपल्याकडे रंगकाम काढलं की तो पहिल्यांदा खरवडला जातो.

आणि तिसरी मयूरशिखा. बोटभर उंचीची, मोराच्या पिसाऱ्यासारखी किंवा ताडाच्या चिमुकल्या पानासारखी. दख्खनच्या खडकांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या भिंतींच्या फटींत ती असते. उन्हाळ्यात मिटून, वाळून, मेल्यासारखी पडून राहते आणि पावसाच्या चार सरींत पुन्हा हिरवी. हा खरा आमच्या हवेचा फर्न. (उपटून घरी आणू नका. कुंडीत ती रुसते, आणि भिंतीतली गेली ती गेलीच.)

आता पाण्याचं. सोलापूरच्या नळाला रोज पाणी नसतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून खरं वाटत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी त्याहून जास्त, यातच आमची वर्षं गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. म्हणजे वापरायचा साठा संपून धरणाच्या तळाशी राखलेलं पाणी काढणं चाललं होतं.

लगेच कुणी म्हणेल, एका फर्नला पाणी ते किती? खरं आहे. माझी आठ इंची कुंडी एप्रिलात रोज अर्धा-पाऊण लिटर पिते. कूलर एका दुपारीच कितीतरी बादल्या संपवतो. तेव्हा मी लिटरचं भांडण मांडत नाहीये. माझा प्रश्न हा की हॉलमधल्या फर्नला पाणी कोण घालतं, आणि कुठलं?

ओळखीतल्या एका घरी मी बघितलंय. नळाच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून त्या फर्नवर पिण्याचं फिल्टरचं पाणी फवारलं जायचं. हे काम अर्थातच कामाला येणाऱ्या बाईंकडे. त्यांनी काही दिवस निमूट केलं आणि एकदा हळूच विचारलं, "ताई, हे झाड आजारी हाय का?" त्यांच्या वस्तीत पाणी येतं रात्री दोनच्या सुमाराला. त्या आठवड्यात तेही आलं नव्हतं. मी त्या हॉलमध्ये बसून चहा पीत होते आणि मला काहीही उत्तर सुचलं नाही. उत्तर घरमालकिणीला सुचलं. ती म्हणाली, "नाही ओ, शोचं आहे."

या ‘शोचं’ शब्दाशी माझं खरं भांडण आहे.

आणि हौसेखातर काटकसर करणारे आहेत, त्यांचीही एक गल्लत होते. ‘आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालते’ असं पुष्कळ जणी अभिमानाने सांगतात. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार गोळा होऊन आलेले असतात. बोअरचं पाणी असेल तर मग विचारूच नका. फरशी पुसा, संडासात ओता, उत्तम. फर्नला घातलंत तर महिनाभरात टोकं जळतील आणि तुम्ही म्हणाल हवा वाईट. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तसंच, जाळीवरचा पांढरा थर बघा म्हणजे कळेल. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र फर्नला चालतं. ते हवेतलंच पाणी, क्षार जवळपास नाहीतच. तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलंही चालतं. साबणाचं नको.

तर, जागा. माझा नेचा मोरीत आहे. मोरीच्या कट्ट्याखाली, माठाच्या तिवईला लागून, जमिनीवर. वर पूर्वेची जाळी आहे, तिच्यातून उजेड येतो, ऊन येत नाही. दिवसभर हात-पाय धुणं, भाज्या धुणं, पाणी भरणं चालूच असतं, त्यामुळे तिथली फरशी कधी पूर्ण वाळत नाही. माठ आपोआप पाझरतो. कुंडीबाहेर मोठी मातीची कुंडी, मध्ये ओली वाळू. माठ ज्या युक्तीने पाणी गार करतो तीच ही युक्ती. मातीच्या बाबतीत एकच सांगते, आपली काळी माती घालू नका. मंगळवेढ्याच्या ज्वारीला ती सोनं आहे, फर्नच्या मुळांना फास. ओली झाली की चिकटते, सुकली की भेगाळते. नारळाचा भुसा, पानांचं कुजलेलं खत, थोडी जाडी वाळू, बस्स.

एवढं करूनही मेमध्ये तो देखणा दिसत नाही. अर्धी पानं करपतात. तेव्हा मी कात्री घेऊन करपलेली सगळी पानं बुडाशी कापते आणि बोडका गड्डा ओला ठेवते. घरी येणारे हळहळतात, "अरेरे, मेला का?" मेला नाही. जमिनीतलं खोड जिवंत असतं. मृगाचे ढग आले, हवेला ओल आली, की गोगलगाईसारखे गुंडाळलेले कोंब वर येतात. लोक ज्या कुंड्या अक्षय्य तृतीयेला गच्चीवर पालथ्या घालतात, त्यांतले कितीतरी फर्न तेव्हा जिवंत असतात. ते हवेने मेले नाहीत, आपण टाकून दिले. मे महिन्यात सोलापुरात सुंदर दिसायची अपेक्षा आपण कुणाकडूनही करू नये. आरशात बघा हवं तर. :)

हॉलमध्ये काही हिरवं हवंच असेल तर ‘अॅस्पॅरॅगस फर्न’ ठेवा. तो फर्न नाहीच मुळी, आपल्या शतावरीचा भाऊबंद आहे, मुळांशी गाठी बाळगतो आणि दोन दिवस पाणी चुकलं तरी तोंड पाडत नाही. पाहुण्यांना फरक कळत नाही, मी बघितलंय.

वन्सं, यंदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला एप्रिलात फर्न आणू नका, हात जोडते. त्यापेक्षा श्रावणात इकडे या. माझ्या कुंडीतून लांब दोऱ्यांसारखे फुटवे बाहेर पडून त्यांना तीन पिल्लं धरली आहेत. तोवर ती सुटी करून ठेवते. तुमच्या गॅलरीत आधीच गर्दी आहे हे मान्य, पण ही उन्हाळा काढलेली आहेत. येताना कुंड्या तेवढ्या तुमच्या आणा, आणि पाणी कुठल्या दिवशी येणार ते फोनवर विचारून निघा.